खेळाडूचा स्वभाव ओळखायचा कसा, आणि ओळखल्यावर ग्राउंडवर करायचं काय

"पोरगं चांगलंय हो, पण मॅच टेंपरामेंट नाही." सिलेक्शनच्या दिवशी हे वाक्य इतक्या सहज फेकलं जातं की पुढं कुणी विचारतच नाही, की बाबा टेंपरामेंट नाही म्हणजे नेमकं काय नाही, आणि तुम्हाला ते वीस मिनिटांच्या ट्रायलमध्ये कळलं कसं. बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी केलेल्या सगळ्यांनी व्यक्तिमत्त्वाच्या थिअऱ्या पाठ केलेल्या असतात, फ्रॉइड, कॅटेल, आयसेंक, बांडुरा, पेपर झाला की विषय संपला. आणि मग ग्राउंडवर आल्यावर परत तेच, हा डरपोक, तो आगाऊ, ही लाजाळू.

हे लिहितोय ते शाळेत, तालमीत, गावच्या मंडळात कबड्डी, खो-खो, क्रिकेट शिकवणाऱ्यांसाठी. उदाहरणं जास्त कबड्डीची येतील, सांभाळून घ्या. माझं म्हणणं एकच आहे, स्वभाव बघून टीम निवडू नका, स्वभाव बघून शिकवायची पद्धत बदला. थिअऱ्या दुसऱ्या कामाला भरपूर उपयोगी पडतात, पहिल्या कामाला जवळजवळ नाहीच.

आधी काय सोडून द्यायचं

शरीरावरून स्वभाव सांगणं पहिलं बंद करा. १९४० च्या दशकात विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने तीन शरीरप्रकार पाडले, गोल-जाड, पीळदार आणि काटकुळा, आणि प्रत्येकाला एकेक स्वभाव चिकटवून दिला. जाड तो मजेत राहणारा, पीळदार तो धाडसी, बारीक तो एकलकोंडा. शरीराचे प्रकार आजही मोजमापाला वापरतात, ते ठीक आहे, पण स्वभावाचा भाग संशोधनात टिकला नाही. आपल्याकडे मात्र तो जोरात चालू आहे, जाड पोरगं दिसलं की कॉर्नरला उभं करायचं आणि वर म्हणायचं आळशी आहे. (राशीवरून ठरवणारे कोचही आहेत, त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही.)

फ्रॉइडचंही फार घेऊन बसू नका. नेणिवेतल्या इच्छा वगैरे ग्राउंडवर तपासायला तुमच्याकडे ना वेळ आहे ना ट्रेनिंग. एवढंच घ्या की खेळाडू जे कारण सांगतो ते दरवेळी खरं कारण असेलच असं नाही, आणि कधीकधी त्यालाही ते माहीत नसतं. पुढं चला.

आता गुणविशेषवाले, म्हणजे ट्रेट थिअरी. यांचं म्हणणं असं की माणसात काही गुण कायमचे असतात, ते मोजता येतात आणि त्यावरून तो कसा वागेल ते सांगता येतं. रेमंड कॅटेलने १९४९ मध्ये सोळा घटकांची चाचणी आणली, आयसेंकने आधी दोनच अक्ष धरले, एक अंतर्मुख-बहिर्मुख आणि दुसरा भावनिक स्थिर-अस्थिर, तिसरा नंतर जोडला. आता बहुतेक अभ्यासक पाच गुणांवर आलेत, ज्याला बिग फाइव्ह म्हणतात. खेळाच्या जगात याचा सगळ्यात मोठा प्रयोग कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेटमध्ये झाला, ब्रूस ओगिल्वी आणि थॉमस टट्को या दोघांनी १९६० च्या दशकात खास खेळाडूंसाठी प्रश्नावली काढली, त्यात अकरा गुण, जिद्द, आक्रमकता, नेतृत्व, कोचचं ऐकण्याची तयारी असे. प्रोफेशनल टीम्सनी ती वापरली. पुढं संशोधकांनी विचारलं की या मार्कांवरून कोण यशस्वी होईल ते खरंच कळतं का, तर तसा पक्का पुरावा काही पुढं आला नाही.

१९७७ मध्ये शुर, अ‍ॅशली आणि जॉय या तिघांनी दीड हजारांहून जास्त कॉलेजच्या मुलांना कॅटेलची चाचणी देऊन बघितली. टीम गेम खेळणारे आणि एकट्याने खेळणारे यांच्यात काही फरक दिसले, पण "खेळाडूचा स्वभाव" असा एक साचा, जो खेळाडूंना इतरांपासून वेगळा काढेल, तो मिळाला नाही. आणि त्याच्याही आधी, १९६८ ला, वॉल्टर मिशेलने सगळ्या ट्रेटवाल्यांचीच झोप उडवली होती, की चाचणीतला गुण आणि एखाद्या ठरावीक प्रसंगातलं वागणं यांचा संबंध साधारण ०.३० च्या वर जातच नाही (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण मेळ). म्हणजे स्वभावाने वर्षभराची सरासरी थोडीफार कळते, रविवारची फायनल कळत नाही. सिलेक्शन कमिटीला नेमकी रविवारची फायनल कळून घ्यायची असते, तिथंच घोळ होतो.

याचा अर्थ सगळं फेकून द्या असाही नाही हं. विल्यम मॉर्गन नावाच्या संशोधकाने १९८० मध्येच लिहिलं होतं की या विषयात दोन टोकं झालीत, एक सगळं खरं मानणारे आणि एक काहीच न मानणारे. आपण मधे राहू.

एक वही घाला, आणि त्यात विशेषण लिहायचं नाही

कामाला इथून सुरुवात. एडविन हॉलंडरने व्यक्तिमत्त्वाचे तीन थर सांगितलेत. सगळ्यात आत गाभा, म्हणजे माणसाची मूल्यं, स्वतःबद्दलची समजूत, हा फार हळू बदलतो. त्याच्या बाहेर नेहमीच्या प्रतिक्रिया, चिडला की काय करतो, हरला की काय करतो. आणि सगळ्यात बाहेर भूमिकेमुळे येणारं वागणं, जे रोज बदलतं, कॅप्टन म्हणून वेगळा, वर्गात वेगळा, बापासमोर वेगळा. कोच म्हणून आपल्याला दिसतो तो बहुतेक वेळा हाच बाहेरचा थर, आणि आपण निकाल देतो गाभ्याबद्दल.

म्हणून एका खेळाडूला किमान तीन ठिकाणी बघायचं. प्रॅक्टिसमध्ये, मॅचमध्ये, आणि जिथं त्याला काहीच भूमिका नाही अशा ठिकाणी, म्हणजे टुर्नामेंटला जाताना एसटीत, जेवणाच्या पंगतीत, दुसऱ्यांची मॅच बघत बसलेला असताना. तिन्हीकडे जे सारखं दिसेल ते आतलं असण्याची शक्यता जास्त, एकाच ठिकाणी दिसलं तर ते बहुतेक त्या जागेचं आहे.

आणि लिहायचं कसं, तर क्रियापदात. "घाबरतो" असं लिहू नका, त्याचा काही उपयोग नाही. असं लिहा, "दोन रिकाम्या चढाया गेल्या आणि तिसरी डू ऑर डाय (पॉइंट नाही आणला तर आउट) आली की मधे थांबतच नाही, पळत जाऊन राइट कॉर्नरच्या पायावर हात टाकतो आणि पकडला जातो". आता यावर काम करता येतं. घाबरण्यावर काय काम करणार?

शेजारी दुसरा कॉलम काढा, त्यात कधी झालं ते. स्कोअर काय होता, समोर कोण होतं, किती वेळ उरला होता, मॅटवर होतं की मातीवर, घरचे बघायला आले होते का. कुर्ट लेविनने १९३६ मध्ये एका ओळीचं सूत्र दिलं होतं की वागणं हे व्यक्ती आणि परिस्थिती दोन्ही मिळून ठरतं, आज खेळ मानसशास्त्रात बहुतेक लोक याच बाजूचे आहेत, इंटरॅक्शनल अ‍ॅप्रोच म्हणतात त्याला. तुमचा दुसरा कॉलम म्हणजे तेच सूत्र. पाच-सहा मॅच झाल्या की वही उघडून फक्त उजवीकडचा कॉलम वाचा, आणि बघा तेच तेच काय येतंय. बऱ्याचदा असं निघतं की "टेंपरामेंट नाही" म्हणवून घेणारं पोरगं फक्त मॅटवर गडबडतं कारण त्याच्या गावात माती आहे आणि शूज घालून खेळायची सवयच नाही. हा स्वभाव नाही, ही प्रॅक्टिसची सोय नसणं आहे.

मोठ्या स्टेजवरचं उदाहरण बघायचं तर विराट कोहली. २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात पाच टेस्ट, दहा इनिंग, १३४ रन, अँडरसनने चार वेळा काढला. त्या दिवसात आपण किती खचलो होतो हे त्याने स्वतः नंतर सांगितलंय. २०१८ ला तोच देश, तोच अँडरसन, ५९३ रन, आणि अँडरसनला एकदाही विकेट नाही. स्वभाव तोच होता, तितकाच तापट. मधल्या काळात बॅटिंगवर काम झालं, स्टान्स बदलला, मुंबईत सचिनबरोबर नेटमध्ये मेहनत केली. २०१४ लाच कुणी "इंग्लंडमध्ये खेळायचा टेंपरामेंट नाही" असा शिक्का मारून फाइल बंद केली असती तर?

कॅप्टन

इथं एक छोटी गोष्ट, कारण शाळेत कॅप्टन निवडताना जो सगळ्यात मोठ्याने ओरडतो त्याला करतात. डिसेंबर २०२० ला अ‍ॅडलेडमध्ये भारत ३६ ला ऑलआउट, कोहली बाळंतपणासाठी घरी परतला, आणि डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेकडे टीम आली. दोघांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक. रहाणेने मेलबर्नला ११२ मारले, ती टेस्ट जिंकली आणि पुढं सीरिज २-१. यावरून शांत कॅप्टन चांगला असा नियम काढू नका, परत तीच चूक होईल. कोहलीच्या कॅप्टनशिपमध्येही त्याच ऑस्ट्रेलियात आधीची सीरिज जिंकलेलीच होती. दोन्ही स्वभाव चालतात. तुम्ही बघा की प्रेशरमध्ये बाकीची पोरं वळून कुणाकडे बघतात, तो तुमचा कॅप्टन, मग तो बोलका असो की मुका.

मॅचच्या आधीचा अर्धा तास

थिअरीचा सगळ्यात जास्त उपयोग मला इथं वाटतो, म्हणून जरा लांब लिहितो.

आयसेंकचं म्हणणं होतं की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, त्यामुळे बाहेरचा गोंगाट, ढोल, घोषणा वाढल्या की तो लवकर भरून जातो, आणि बहिर्मुख माणसाला उलट बाहेरून चेतवावं लागतं, नाहीतर तो ढिला पडतो. हे सगळ्यांना तंतोतंत लागू होत नाही, पण एक प्रश्न मात्र मनात टाकतं, की आपण सगळ्या बारा जणांना एकाच गोलात उभं करून "जय भवानी जय शिवाजी" करतो आणि एकच भाषण ठोकतो, ते सगळ्यांना सारखंच लागू पडतं का? सेहवाग क्रीजवर किशोरकुमारची गाणी गुणगुणत खेळायचा, समोरच्या टोकाला द्रविड उभा असायचा. त्या दोघांना एकच वॉर्म-अप देऊन बघा.

खेळाप्रमाणेही फरक पडतो. शूटिंगमध्ये हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांवर डोपिंगची बंदी आहे, कारण तिथं शांत शरीर म्हणजे सरळ सरळ फायदा. कबड्डीत पकड करणाऱ्याला तेवढं थंड राहून चालणार नाही.

युरी हानिन नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाने यातून एकदम कामाची गोष्ट काढली. त्याचं म्हणणं, सगळ्यांसाठी टेन्शनची एक योग्य पातळी नसते, प्रत्येकाचा आपला पट्टा असतो, कुणाचा खाली, कुणाचा मधे, कुणाचा बराच वर. आणि तो पट्टा शोधायला लॅब लागत नाही. मॅचच्या आधी अर्धा तास प्रत्येकाला विचारायचं, आत्ता किती टेन्शन आहे, एक ते दहा, आकडा सांग. लिहून ठेवायचं, त्यावर चर्चा करायची नाही, "अरे आठ कशाला, काही होत नाही" असलं अजिबात बोलायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळेपासून सगळे चारच सांगतील. मॅच झाल्यावर तुम्ही त्याच्या खेळाला एक ते दहा मार्क द्यायचे, आधीचा आकडा न बघता. दोन्ही काम एकाच माणसाने केलं तर नकळत आकडे जुळवले जातात, म्हणून जमलं तर टेन्शनचा आकडा असिस्टंट सरांनी किंवा बदली खेळाडूने विचारलेला बरा.

आठ-दहा मॅचनंतर प्रत्येकाच्या सगळ्यात चांगल्या तीन-चार मॅच काढा आणि त्या दिवशीचे टेन्शनचे आकडे बघा. एखादी पोरगी चार-पाचला भारी खेळते, एखादी आठशिवाय हलतच नाही. मग मॅचच्या दिवशी आठवाली पाचवर दिसली तर तिला दोन जोरदार चढाया मारायला लावा, जोडीदाराबरोबर ढकलाढकली, आवाज, काय वाटेल ते. चारवाली आठवर गेलेली असेल तर तिला गर्दीतून बाजूला घ्या, हळू लांब श्वास सोडायला सांगा, आणि एकटीला बसू द्या, तिथं जाऊन तुमचं भाषण देऊ नका. टीमचं भाषण करायचंच असेल तर ते लवकर आणि छोटं उरका, शेवटची दहा मिनिटं प्रत्येकाची आपली असू द्या.

इथंच अजून एक भेद उपयोगी आहे. स्पीलबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने चिंतेचे दोन भाग केले, एक स्वभावातली आणि एक त्या वेळेपुरती. रेनर मार्टेन्सने १९७७ मध्ये त्यावर स्पर्धेसाठीची चाचणी काढली, स्कॅट म्हणतात, पंधरा वाक्यं, दहा ते तीस मार्क. फिजिकल एज्युकेशनच्या निम्म्या प्रबंधांत हीच असते हे तुम्हाला माहीतच असेल. स्कॅटने कळतं की कुणाला स्पर्धेचं टेन्शन यायची सवय आहे, आज किती आलंय ते नाही. आजचं कळायला दोन साधे प्रश्न पुरतात. डोक्यात काय चाललंय? आणि पोटात, हातापायात काय होतंय? पोटात गोळा, हात गार, सारखं लघवीला जावंसं वाटतं असं सांगितलं तर शरीराचा उपाय, श्वास, स्नायू आवळून सोडणं, थोडं पळणं. डोक्यात "हरलो तर काय" चाललं असेल तर श्वासाने तेवढं भागत नाही, डोक्याला काम द्यावं लागतं, एकच आणि छोटं, जसं की "पहिल्या चढाईत फक्त लेफ्ट कॉर्नरचा पाय बघून ये, पॉइंट नको". बरेच कोच डोक्याच्या टेन्शनला शरीराचा उपाय देतात आणि मग म्हणतात रिलॅक्सेशन वगैरे काही कामाचं नाही.

आत्मविश्वास नसलेलं पोरगं

हे वाक्यही स्वभावासारखंच वापरलं जातं. बांडुराचा मुद्दा असा की आत्मविश्वास हा एक अखंड गुण नाही, तो कामागणिक वेगळा असतो. बोनस (बोनस रेषा ओलांडून मिळणारा जादा पॉइंट) घ्यायचा विश्वास असतो, पण डूबकीचा (डिफेंडरच्या साखळीखालून वाकून निसटायचा) नसतो. म्हणून विचारताना "कॉन्फिडन्स आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "समोर सहा जण असताना दहापैकी किती वेळा बोनस मारशील?" असं विचारा.

१९७७ मध्ये त्याने हा विश्वास येण्याचे चार रस्ते सांगितले. स्वतः करून जमलेलं, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना बघितलेलं, कुणीतरी समजावून सांगितलेलं, आणि आपल्या शरीराची अवस्था आपण कशी वाचतो ते. ताकद सगळ्यात जास्त पहिल्यात, आणि आपण सगळा जोर लावतो तिसऱ्यावर, "तू करू शकतोस रे!" ओरडून. ते उलटं करा. डूबकी शिकवायची असेल तर आधी दोनच डिफेंडर, तेही हळू, जमलं की तीन, मग साखळी, पायरी इतकी छोटी ठेवा की बहुतेक वेळा जमलंच पाहिजे. व्हिडिओ दाखवायचा असेल तर प्रो कबड्डीच्या स्टारचा दाखवायच्या ऐवजी शेजारच्या गावच्या त्याच वजनाच्या, त्याच वयाच्या पोराचा दाखवा, मागच्या वर्षी ज्याला जमत नव्हतं आणि आता जमतं. स्टारचा बघून पोरं म्हणतात "तो तोच आहे". आणि चौथ्यासाठी, छाती धडधडायला लागली की ती शरीर तयार होत असल्याची खूण आहे हे आधीच, प्रॅक्टिसमध्ये धडधडत असतानाच सांगून ठेवा, फायनलच्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही.

चाचण्या घ्यायच्या का?

मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या चार अक्षरांच्या पर्सनॅलिटी टेस्ट ग्रुपवर टाकू नका. त्यात परत परत भरली की उत्तर बदलतं, आणि पोरं ते अक्षर आयुष्यभर मिरवतात. कॅटेल, आयसेंकच्या खऱ्या चाचण्या प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञानेच घ्यायच्या असतात, शिवाय सिलेक्शनसाठी आहे म्हटल्यावर कुठलं पोरगं "मला राग येतो" वर टिक करणार आहे?

एक गोष्ट मात्र घ्या, मूडची. मॉर्गनने ऑलिम्पिक दर्जाच्या खेळाडूंचे मूड मोजले, ताण, उदासी, राग, थकवा, गोंधळ हे पाच सरासरीच्या खाली आणि जोम एकटाच वर, ग्राफ काढला की पाण्याबाहेर डोकावणाऱ्या हिमनगासारखा दिसतो म्हणून आइसबर्ग प्रोफाइल. यावरूनही लोकांनी सिलेक्शन करायचं स्वप्न बघितलं, पण १९९५ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर यशातला एक टक्काही फरक या ग्राफने समजावता येत नव्हता. तरीही उपयोग आहे, कारण मॉर्गननेच पुढं स्विमरमध्ये दाखवलं की ट्रेनिंगचा लोड वाढत गेला की मूड बिघडत जातो. म्हणून सीझनमध्ये दर सोमवारी झोप, थकवा, चिडचिड आणि खेळायची इच्छा, चार गोष्टी एक ते पाच विचारा, आणि तुलना दुसऱ्या पोराशी न करता त्याच पोराच्या मागच्या आठवड्यांशी करा. सलग दोन-तीन आठवडे घसरण दिसली तर आधी लोड कमी करा, मग स्वभावाबद्दल बोला.

ही वही तुमच्याकडेच राहिली पाहिजे. पालक मीटिंगमध्ये वाचून दाखवायची नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो तर नाहीच नाही, पोराने स्वतःचं पान मागितलं तर द्यायचं, सीझन संपला की फाडून टाकायचं आणि जूनमध्ये कोऱ्या पानावर सुरू करायचं, कारण चौदा वर्षांच्या पोराबद्दल मागच्या वर्षी लिहिलेलं या वर्षी चालतच नाही. आणि मूडच्या आकड्यांत किंवा बोलण्यात काही जास्तच वेगळं दिसलं, जेवण सुटलंय, झोप नाही, जगण्यात अर्थ नाही असलं काही बोललं, तर तिथं कोचने मानसशास्त्रज्ञ व्हायचा प्रयत्न करू नये. घरच्यांना त्याच दिवशी सांगा, डॉक्टरकडे न्या, सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.